तारा सगळ्यांत शेवटी

वाद्यदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे मोठे काका बोटीवर नोकरीला होते. १९६७-६८च्या सुमारास त्यांनी हॅम्बुर्गहून एक बेस गिटार आणला. व्हायोलिनच्या आकाराचा, तपकिरी, डोक्यावर ‘हॉफनर’ असं नाव. बोट सोडल्यावर काका गिरगावात राहायचे आणि गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात तो वाजवायचे. ते गेल्यावर बेस वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर गेला आणि कितीतरी पावसाळे तिथेच राहिला. आता मुलगी बेस शिकते आहे म्हणून खाली काढला. पेटीला बुरशी, तारा काळ्याहिरव्या, मागची फळी खालच्या अंगाला कडेपासून सुटलेली, नख जाईल एवढी फट. मुलीने हौसेने नव्या तारा मागवल्या आहेत. अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर नुसती घूंघूं. गावातला सुतार म्हणतो, फेविकॉल भरतो, दोन स्क्रू मारतो आणि वरून पॉलिश करून नवाकोरा देतो. करून घेऊ का? आणि वाद्य अस्सल आहे की नक्कल, हे कसं ओळखायचं? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सुताराला चहा द्या आणि परत पाठवा. माणूस कामाचा असेलही, पण दाराची चौकट वेगळी आणि आतून पोकळ असलेलं वाद्य वेगळं. मुलीने मागवलेल्या ताराही तूर्त कपाटात ठेवा.

जुना बेस हाती लागला की लोक आधी नव्या तारा चढवतात. मोह मला कळतो, आवाज ऐकायचा असतो. पण चारही तारा सुरात आणल्या की त्यांची मिळून ओढ पन्नास किलोंच्या वर जाते. भरीव लाकडाचा बेस ती निमूट सोसतो. तुमच्याकडचा पोकळ आहे, आणि त्याची मागची फळी आधीच सुटली आहे. अशा वाद्यावर ताण दिला की खोड हळूहळू आत दबतं, मान पुढे झुकते, आणि दोन तासांत होणारं काम दोन महिन्यांवर जातं. म्हणून आधी लाकूड, मग मान, मग वायरिंग आणि सगळ्यांत शेवटी तारा. हा क्रम मोडू नका.

आता अस्सल-नकलीचं. वाल्टर हॉफनरने हा व्हायोलिन बेस १९५५मध्ये आखला आणि १९५६मध्ये फ्रँकफर्टच्या वाद्यमेळ्यात मांडला. मॉडेलचं नाव ५००/१. घराणं मूळचं व्हायोलिन करणाऱ्यांचं, त्यामुळे बांधणीही त्याच वळणाची : वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या, आत पोकळ, मान चिकटवलेली. १९६१मध्ये बीटल्स या इंग्लिश बँडच्या पॉल मॅकार्टनीने हॅम्बुर्गमध्येच असा एक विकत घेतला. पुढे बीटल्सचं जे झालं ते झालं, आणि जगभर या बेसच्या नकला निघाल्या, विशेषतः जपानात. (मॅकार्टनीचा तो पहिला बेस १९७२मध्ये चोरीला गेला. पन्नासेक वर्षांनी इंग्लंडमध्ये कुणाच्या तरी माळ्यावर सापडला, दुरुस्त झाला आणि डिसेंबर २०२४मध्ये लंडनच्या मंचावर पुन्हा वाजला. तेव्हा माळ्यावरचा हॉफनर ही एकट्या वेंगुर्ल्याची गोष्ट नव्हे.)

वाद्य पालथं करून मान जिथे खोडाला मिळते ती जागा पाहा. तिथे धातूची पट्टी आणि चार स्क्रू असतील तर ती बहुधा नक्कल. सांधा गुळगुळीत असेल तर पुढे बघा : नटच्या, म्हणजे डोक्याशी तारा टेकतात त्या आडव्या पट्टीच्या, लगेच खाली आणखी एक पडदा, म्हणजे शून्य क्रमांकाचा फ्रेट आहे का? ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती खोडावरची घोडी, काळ्या एबनी लाकडाचा, खोडाला न चिकटवलेला, आणि त्यावर प्रत्येक तारेखाली फ्रेटच्या तारेचा छोटा तुकडा बसवलेला आहे का? बटणांच्या आयताकृती पाटीवर दोन चाकं आणि तीन सरकते स्विच आहेत का? हे सगळं जुळलं तर काकांनी चांगली खरेदी केली होती. पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी पेटीवर, स्टेपलच्या पिनांसारख्या चार पट्ट्या दिसल्या तर वाद्य साठच्या दशकाच्या मधलं, आणि एकच लांब पातं दिसलं तर त्या दशकाच्या शेवटाकडचं. तुमच्या सालाशी दोन्ही जुळू शकतं. नक्कल निघाली तरी वाईट वाटून घेऊ नका, पुढचं सगळं तिलाही लागू आहे.

सुरुवात सुकवण्यापासून करा, पण उन्हात नाही. कोकणातल्या ओल्या हवेत इतकी वर्षं राहिलेलं लाकूड अंगणात ठेवलं की एका दुपारीत तडकतं. वारा खेळेल अशा खोलीत, भिंतीपासून लांब, आडवं ठेवा. चिकटवण्याचं काम पावसाळ्यात करूच नका, दिवाळी होऊ द्या. तोंडाला फडकं बांधून बुरशी बाहेर ओसरीवर मऊ ब्रशने झाडा, मग घट्ट पिळलेल्या सुती कापडाने पुसा. जुनी पेटी वेगळी ठेवा, वाद्य पुन्हा तिच्यात घालू नका. खाली काळा कागद अंथरून बेस दोन दिवस तसाच राहू द्या. कागदावर ताजा, पांढरट भुसा पडलेला दिसला तर लाकडात किडा जिवंत आहे. तसं असेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी त्याचा बंदोबस्त एखाद्या जाणकाराकडून करून घ्या.

एक गोष्ट हुंगून पाहा. तारांखालची मोत्यासारखी चकाकणारी पट्टी आणि कडांची पांढरी किनार सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइडमध्ये कापूर घातलेला असतो, त्यामुळे जुनं वाद्य उघडलं की कधीकधी देवघरासारखा वास येतो. थोडा वास असला तर चालतं. पण पट्टी आक्रसलेली, चिकट किंवा भेगाळलेली असेल आणि तिच्या आसपासच्या धातूवर हिरवी साय धरली असेल, तर ती कुजते आहे आणि तिच्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारचं लोखंड-पितळ खाते आहे. पट्टी काढून कागदात गुंडाळून निराळी ठेवा. फेकू नका, नवी कापायची तर तीच नमुना. आणि हे सेल्युलॉइड भडकन पेटतं, म्हणून निरांजन, उदबत्ती, सोल्डरिंगची इस्त्री, काहीच जवळ नको.

आता ती फट. फेविकॉल का नको ते सांगते. पोकळ वाद्य पुढेमागे पुन्हा उघडावं लागणारच, हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून जुने कारागीर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, वापरत. ऊब आणि थोडी ओल लागली की तो सुटतो आणि नवा सरस जुन्याला धरतो. फेविकॉल लाकडाच्या रेषांत शिरून पातळ कातडं धरून बसतो, आणि त्याच्यावर मग सरस काय, काहीच नीट धरत नाही. स्क्रूबद्दल तर बोलायलाच नको, ती फळी तीन-चार मिलिमीटरची आहे. आमच्या मिरजेला तंबोऱ्याची तबली, म्हणजे वरची फळी, भोपळ्यावर सरसानेच बसवत. त्या डब्याचा वास घरभर असायचा आणि पाहुणे नाक मुरडायचे. आता तिथेही पुष्कळांनी सोयीचा डबा धरला आहे. त्यांना मी काही म्हणत नाही, पण तुमचा बेस माझ्याकडे आला तर सरसच लागेल.

हे काम घरी करायचं धाडस असेल तर असं करा. सरसाचे मणी थंड पाण्यात भिजवा. फुगून जेलीसारखे झाले की भांड्यात भांडं ठेवून गरम करा, साठ अंशांच्या आसपास. उकळी आली की त्याची पकड गेली. चमच्यातून मधासारखी सलग धार पडली की तयार. तोवर फटीतला जुना सरस कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशने मऊ करून बोथट, पातळ पट्टीने खरवडून काढा, सुरी नको. मग सरस न लावता फळी बोटांनी दाबून बघा. सहज कडेवर बसली तर ठीक. जोर लावावा लागत असेल तर इथेच थांबा, कारण मेपल आक्रसलं आहे आणि जबरदस्तीने बसवलेली फळी पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच जागी फाटेल. सहज बसत असेल तर खोली बंद करून पंखा घालवा, कारण सरस गार व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही कडा केस वाळवायच्या यंत्राने किंचित ऊबदार करा, ब्रशने सरस आत सारा आणि क्लॅम्प लावा. क्लॅम्पखाली बुचाचे तुकडे ठेवा. आवळायचं इतकंच की फटीच्या तोंडाशी सरसाचे बारीक थेंब ओळीने उभे राहतील. ते ओल्या कोमट कापडाने लगेच पुसा. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

फट बंद करायच्या आधी मात्र आत डोकावून घ्या. बटणांच्या पाटीचे छोटे स्क्रू काढले की ती आतल्या वायरींसकट अलगद वर येते. त्या भोकातून मोबाइलची बत्ती आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत घाला. वरच्या फळीच्या पोटाशी लांब लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. त्या सुटल्या आहेत का पाहा. मग वरून बोटाच्या पेराने ठोकत ठोकत सगळीकडे फिरा. चांगल्या जागी भरीव, गोल आवाज येतो. पट्टी सुटलेली असेल तिथे फुटक्या मडक्यासारखी थरथर ऐकू येते. तुम्हाला नाही कळली तरी मुलीला कळेल.

मानेच्या सांध्याची परीक्षा एस.टी.च्या तिकिटाने करा. टाचेच्या, म्हणजे मान खोडाला मिळते त्या टोकाच्या, फटीत तिकीट सरकलं तर सांधा सुटला आहे, आणि हे काम घरी करू नका. मान वाफेने सोडवून, कोन दुरुस्त करून पुन्हा बसवावी लागते. त्यात मी कुणालाच घाईची तारीख देत नाही. तिकीट अडलं तर उत्तम. मग पहिल्या पडद्यापासून शेवटच्यापर्यंत पोलादी पट्टी लावून मान सरळ आहे का पाहा. डोक्यावरच्या छोट्या झाकणाखाली ट्रस रॉडचा, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा, नट असेल. गंजला असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून दोन दिवस विसरून जा. फिरवायचा तर एका वेळी पाव फेरा, आणि अडला की सोडून द्या. तुटलेला रॉड काढायचा म्हणजे मानेवरची, पडदे बसवलेली शिसवीची पट्टी उचकटायची.

घूंघूं ही वाईट बातमीच असते असं नाही. निदान अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत काहीतरी पोचतं आहे. या बेसच्या स्विचांवरची अक्षरं गोंधळात टाकणारी आहेत. ‘ऱ्हिदम’वर आवाज मुद्दाम कमी होतो, ‘सोलो’वर पूर्ण येतो, आणि बाकी दोन्हींचं वागणं नावावरून ओळखू नये. तेव्हा पिकअप मेला असं ठरवण्याआधी सगळ्या स्थिती फिरवून पाहा. नंतर बेसमध्ये केबल लावा, दोन्ही चाकं पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा, २० हजार ओहमच्या पायरीवर. काही हजार ओहम दाखवले तर पिकअप जिवंत. काहीच दाखवलं नाही तर एक तर स्विचात मळ आहे किंवा पिकअपमधली तार तुटली आहे. मळासाठी विजेच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर नळीने मारून स्विच वीस-तीस वेळा सरकवा. शिलाई मशीनचं तेल नको. तार तुटली असेल तर खाऱ्या हवेने बहुधा टोकालाच खाल्लेली असते, तिथे सोल्डर करून काम भागतं. नाहीतर गुंडाळी नव्याने करावी लागते, केसाहून बारीक तांब्याच्या तारेने. तरीही जुना पिकअप काढून नवा घालू नका. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक गंजकी खुंटी एका डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव घाला. गिऱ्हाइकं हा डबा माझ्याकडे विसरून जातात याचा मला फार राग येतो.

पॉलिश नाही. चरे, पुसट झालेली कडा, काकांच्या अंगठ्याने झिजलेली जागा, सगळं राहू द्या. मूळ रंग घासून काढला की वाद्याची किंमत निम्म्याने पडते, आणि वर जाड थर चढला की फळीचा आवाजही कोंडतो. शिसवीच्या पट्टीवर खोबरेल लावायचा मोह कोकणात हमखास होतो, पण ते मुरून चिकट होतं आणि पडद्यांच्या कडेला मळ धरतं.

एवढं झालं की मुलीला कपाट उघडू द्या. पण तिने कुठल्या तारा घेतल्या आहेत? या बेसमध्ये तारेचा वाजणारा भाग ३० इंची, म्हणजे आखूड मापाचा आहे. फेंडर कंपनीच्या नेहमीच्या बेसचा ३४ इंची असतो. मात्र इथे तार ब्रिजला न अडकता मागच्या टेलपीसला अडकते, त्यामुळे पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेल्या काही तारा अपुऱ्या पडतात. टेलपीसच्या खाचेपासून शून्य फ्रेटपर्यंत टेपने मोजा आणि तारेची जाड वळणं तेवढी पुरतात का पाहा. फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, कमी ताणाच्याच घ्या. तीन-चार हजार तरी जातील, पण पडदेही वाचतात आणि साठच्या दशकातला तो गुबगुबीत आवाजही तिथूनच येतो.

ब्रिज कुठे ठेवायचा ते वाद्यच सांगेल : पायांखालचा रंग कमी उन्हाळलेला, जास्त चकचकीत असतो. तिथे ठेवा. पहिल्या रात्री तारा सुरापेक्षा दोन-तीन स्वर खालीच ठेवा. सकाळी फट, टाच आणि फळी पुन्हा तपासा, मग वर आणा. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून येणारा झंकार जुळला पाहिजे. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिज किंचित टेलपीसकडे सरकवा, उतरलेला असेल तर मानेकडे. सूर लावताना ब्रिज पुढे कलतो, तो दर वेळी उभा करून घ्यायची सवय मुलीला आत्ताच लावा.

प्रश्न : माझ्याकडे सत्तरच्या दशकातला जपानी बेस आहे. मार्च उजाडला की मानेच्या कडेला पडद्यांची टोकं हाताला बोचतात. जुलैत बंद होतं. पडदे सैल झालेत का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पडदे जागेवरच आहेत, लाकूड आत गेलं आहे. तुमच्या उन्हाळ्यात हवेतला ओलावा इतका उतरतो की शिसवीची पट्टी रुंदीला आक्रसते आणि धातू बाहेर डोकावतो. एप्रिलमध्ये, लाकूड सर्वांत सुकं असताना, टोकं बारीक कानसीने तिरकी घासून घ्या. जुलैत घासलीत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हाच प्रश्न पाठवाल. आणि कूलरच्या झोतासमोर बेस ठेवत असाल तर ती जागा बदला.

प्रश्न : वडिलांच्या बेसबरोबर त्यांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायरही मिळाला आहे. तीसेक वर्षं बंद आहे. एकदा लावून बघू का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. आतले कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असतात, थेट २३० व्होल्ट दिले की फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. शिवाय चालू केलेला असा अ‍ॅम्प्लिफायर प्लग काढल्यावरही काही काळ शेकडो व्होल्ट धरून ठेवतो, तेव्हा झाकण उघडून बोट घालू नका. जुने रेडिओ दुरुस्त करणारा कुणी गोव्यात अजून असेल तर त्याच्याकडे न्या. त्याला हळूहळू व्होल्टेज चढवणारं यंत्र काय असतं ते सांगावं लागणार नाही.

प्रश्न : बेसच्या जुन्या तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या वाजतात, हे खरं का? — एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : खरं आहे, पण थोडे दिवस. वळणांत अडकलेला घाम आणि मळ सुटतो म्हणून आवाज उजळतो. दहा मिनिटं उकळा, लगेच पुसून पूर्ण कोरड्या करा, नाहीतर आतली पोलादी तार गंजते. हे राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या तारांपुरतंच. फ्लॅटवाउंड उकळू नका. त्या दबक्या आवाजासाठीच लोक एकच संच वर्षानुवर्षं ठेवतात.